पगार की रजा? सोलापूरकरांचे अनुभव

सोलापुरातून पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत गेलेल्या किंवा इथूनच घरबसल्या काम करणाऱ्या सर्वांना विनंती, की नोकरी निवडताना पगार आणि रजा यांचा मेळ कसा घातलात, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो. वर्षात कामाचे दिवस साधारण २४० आणि पगार १२ लाख धरला, तर एका दिवसाची किंमत ५,००० रुपये होते. म्हणजे १२ भरपगारी रजा जास्त देणारी कंपनी ६०,००० रुपयांची, पगाराच्या ५ टक्के एवढी गोष्ट देत असते. ऑफर लेटरमध्ये ही रक्कम दिसत नाही, म्हणून ती हिशेबातून सुटते.

जुळे सोलापूर, टेस्टिंग

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला ८ नैमित्तिक रजा व ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या मिळतात. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक रजा मिळते आणि अशा ४५ रजा साठवता येतात. एवढा आपला किमान हक्क आहे, वाटाघाट त्यापुढून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

विजापूर रस्ता, बॅकएंड डेव्हलपर

माझ्या आधीच्या कंपनीत रजेला मर्यादाच नव्हती आणि मुलाखतीत हे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. प्रत्यक्षात रजा खात्यावर जमा होत नसल्यामुळे नोकरी सोडताना तिचे पैसे मिळत नाहीत, आणि किती घेणे योग्य हे कुठेच लिहिलेले नसल्यामुळे प्रत्येक जण शेजारच्याकडे पाहून कमीच घेतो. मॅनेजर स्वतः सलग आठवडाभर कधी गेला नाही, त्यामुळे टीममध्येही कोणी गेले नाही. आता मी मुलाखतीत एकच विचारतो, की गेल्या वर्षी या टीममधल्यांनी सरासरी किती रजा घेतली. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, मी पुढे जात नाही.

अशोक चौक

वडील यंत्रमागावर होते, घराचे कर्ज माझ्यावर आहे. आमच्यासारख्यांनी पहिली काही वर्षे पगारच पाहावा, आणि त्यात कमीपणा मानू नये.

बाळीवेस, सध्या पुणे

संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा असते आणि आमच्या घरातले पुरुष नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, धरतात. अमेरिकेतल्या क्लायंटला नाताळानंतर लगेच नवे रिलीज हवे असते, त्यामुळे जानेवारीतली सलग रजा हमखास नाकारली जाते. म्हणून मी कमी पगाराची, पण त्या आठवड्याची रजा लेखी मान्य करणारी नोकरी घेतली. रजेबद्दल आणखी एक तपासावे: शिल्लक रजेचे पैसे अनेक ठिकाणी पूर्ण पगारावर न देता फक्त बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर, देतात, तेव्हा तो दर ऑफर स्वीकारण्याआधी ईमेलने विचारून घ्यावा.