मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलीसाठी नेटशिवाय चालणारी अ‍ॅप्स

गणपतीला पनवेलहून कुडाळला रेल्वेने निघतोय. खिडकीतली गुरं मोजून झाली, खाऊचे डबे उघडून झाले, की टॅब निघणारच. अडचण बोगद्यांची. रत्नागिरीजवळचा एकटा करबुडेच साडेसहा किलोमीटरचा! नेटवर्क गुल झालं की आमच्या बाई सूर लावतात.

खान अकॅडमी किड्स घेतलंय. फुकट, बिनजाहिरातीचं, पण मराठी नाही. मागे एक रंग भरायचं अ‍ॅप होतं, त्यात दर दोन चित्रांनी जाहिरात, आणि चिकट बोटांनी तिने थेट खरेदीचं पान उघडलं. तेव्हापासून धसकाच घेतलाय.

मराठी बडबडगीतं किंवा प्राण्यांचे आवाज असलेलं काही वापरलंय का कुणी? पैसे भरावे लागले तरी चालतील. आणि एवढ्याशा डोक्यावर टिकणारे हेडफोन कुठले?