प्रांतांचा (उपविभागीय अधिकाऱ्यांचा) आदेश हातात आहे, तरी फेरफार, म्हणजे सातबारावर वारसांची नावं लावायची नोंद, होत नाही. हायकोर्टात मँडेमस मागता येईल का?

नमस्कार. आईच्या वतीने विचारते आहे. शेती सोलापूर जिल्ह्यात आहे. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही.

वडील २०२१ मध्ये गेले. वारस म्हणजे आई आणि आम्ही दोघी बहिणी. वारस नोंदीचा अर्ज दिला, त्यावर चुलत्यांनी हरकत घेतली, नोंद तक्रारी झाली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी ती रद्द केली. आम्ही प्रांतांकडे अपिलात गेलो आणि अपील मंजूर झालं. मंडळ अधिकाऱ्यांचा निर्णय रद्द करून आमची तिघींची नावं वारस म्हणून लावावीत, असं आदेशात स्वच्छ लिहिलंय. आदेशाची नक्कल तलाठी कार्यालयात आणि तहसीलला दिली. दोन्हीकडचे आवक शिक्के असलेली प्रत माझ्याकडे आहे.

त्यानंतर काहीच हललं नाही. "तुमच्या चुलत्यांनी वर अपील केलंय, त्याचा निकाल लागू द्या," एवढंच ऐकायला मिळतं. स्थगिती आहे का विचारलं तर "साहेबांनी तोंडी सांगितलंय थांबायला". तेच लेखी द्या म्हटलं की विषय बदलतात.

सातबारावर अजून वडीलच आहेत, त्यामुळे आईला सोसायटीचं पीककर्ज नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमचं उभं पीक पाण्यात गेलं. पंचनामा झाला, पंचांसमोर आईने अंगठा दिला. पण अनुदानाच्या यादीत खातेदार म्हणून वडिलांचं नाव आलं आणि केवायसीला खातेदारच हजर पाहिजे म्हणाले. शेतात राबणारी बाई समोर उभी आहे, आदेश तिच्या बाजूने आहे, आणि पैसे अडकलेत गेलेल्या माणसाच्या नावावर. आई आता कचेरीत यायलाच नको म्हणते.

एका ओळखीच्यांनी सांगितलं की अधिकारी कायद्याने नेमून दिलेलं काम करत नसेल तर हायकोर्ट त्याला ते करायला लावू शकतं, त्याला मँडेमस म्हणतात. आमच्यासारख्या प्रकरणात हे बसतं का? थेट जाता येतं की आधी काही करावं लागतं? प्रतिवादी कोणाला करायचं? वकिलाचा खर्च झेपेल का, ही धास्ती आहेच. ज्यांनी हे केलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, कोर्टाच्या आधी सेवा हक्क कायदा बघा. २०१५ चा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, त्यानंतर आयोग. फी नाममात्र, वकील लागत नाही. आमच्या भावकीतल्या एका नोंदीचं काम प्रथम अपिलातच झालं.

प्रतिसाद २

वर सुचवलेला मार्ग साध्या, बिनवादाच्या नोंदीला चांगला आहे. इथे वाद झाला, अपील झालं आणि वरिष्ठांचा आदेशही आला. अडलंय ते आदेशाच्या अंमलबजावणीत. मी महसुलाची कामं बघणारा वकील आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मँडेमस, म्हणजे परमादेश, उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली देतं. कोर्ट आधी दोन गोष्टी बघतं: त्या अधिकाऱ्यावर कायद्याने कर्तव्य आहे का, आणि ते करून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे का. मग तिसरी गोष्ट, जिथे बऱ्याच याचिका अडखळतात: तुम्ही ते काम त्याच्याकडे रीतसर मागितलं का, आणि त्याने नकार दिला का. सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकातल्या निकालांमध्ये हे पक्कं केलंय. मागूनही गप्प बसणं हाही नकार धरता येतो, पण मागितल्याचा कागद पाहिजे. तुम्ही आदेशाची नक्कल दिलीत ते चांगलंच झालं, पण ते मागणीपत्र नव्हे.

तुमची बाजू भक्कम का वाटते तेही सांगतो. अधिकाऱ्याला निर्णयाचा अधिकार असेल तिथे कोर्ट फार तर "अमुक आठवड्यांत कायद्यानुसार निर्णय घ्या" म्हणतं, अमुकच निर्णय घ्या असं सहसा म्हणत नाही. तुमच्याकडे निर्णय होऊन गेलाय. तलाठी किंवा मंडळ अधिकारी यांनी आता विचार करून ठरवावं असं काही उरलेलं नाही. प्रांतांच्या आदेशाप्रमाणे नोंद धरायची आणि प्रमाणित करायची, एवढंच काम आहे. अशा कामाला कोर्ट थेट आदेश देऊ शकतं.

चुलत्यांच्या अपिलाचं: नुसतं अपील दाखल झाल्याने खालचा आदेश थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती मिळाली तर लेखी आदेशानेच मिळते. तोंडी स्थगिती असा प्रकार कायद्यात नाही. म्हणून आजच दोन कामं करा. त्या अपिलाच्या रोजनाम्याची प्रमाणित नक्कल मागा, त्यात स्थगिती अर्जाचं काय झालं ते तारीखवार दिसेल. आणि तहसीलच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात एकच मुद्दा मागा: या आदेशाला दिलेल्या स्थगितीची प्रत. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. "अभिलेखात आढळून येत नाही" असं उत्तर आलं तर तोच तुमचा सर्वात मोठा पुरावा.

मग मागणीपत्र. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, तिघांच्या नावे द्या. नोंद तलाठी धरतो पण प्रमाणित मंडळ अधिकारी करतो. एकालाच पत्र गेलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल. प्रत प्रांतांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. मजकूर छोटा ठेवा, गाऱ्हाणं नको. साधारण असा:

"मा. उपविभागीय अधिकारी यांनी अपील क्र. … मध्ये दि. … रोजी दिलेल्या आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. सदर आदेशास कोणत्याही सक्षम प्राधिकाऱ्याची स्थगिती नाही. तरी पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आदेशाप्रमाणे फेरफार नोंदवून प्रमाणित करावा. स्थगिती असल्यास तिची प्रत द्यावी. अन्यथा मा. उच्च न्यायालयात दाद मागावी लागेल."

'स्थगिती नाही' हे वाक्य रोजनामा पाहिल्यावरच ठेवा. पत्रात २००५ च्या बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १० चाही उल्लेख करा. सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई, असं त्यात आहे. पुष्कळदा काम इथेच होतं.

झालं नाही तर याचिका. प्रतिवादी राज्य शासन, जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, आणि चुलते. चुलत्यांना वगळू नका. ज्याच्या हक्कावर परिणाम होतो त्याला न ऐकता आदेश मिळवला तर तो टिकवणं अवघड जातं. सोलापूर जिल्हा आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे येतो, १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे कामकाज चालू आहे, म्हणजे मुंबईची वारी वाचली.

एक मर्यादा मात्र आईंना नीट समजावून सांगा. सातबारावरची नोंद म्हणजे मालकीचा निवाडा नाही, ती महसुलासाठी असते. चुलत्यांना मालकीचाच वाद घालायचा असेल तर दिवाणी कोर्ट त्यांना मोकळं आहे. पण तो वाद निघेल तेव्हा निघेल. आजची कर्जं आणि अनुदानं त्यासाठी अडवून ठेवता येत नाहीत.

प्रतिसाद ३

खर्चाच्या काळजीसाठी: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. आईच्या नावाने अर्ज करा. उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती असते, आणि जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयातही अर्ज देता येतो.

प्रतिसाद ४

धाग्यात घुसतोय, क्षमस्व, पण माझाही प्रश्न याच जातीचा आहे. आमच्या गल्लीत उघडं गटार आहे, नगरपालिका निधी नाही म्हणते. तिथे मँडेमस चालेल का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

रतलाम नगरपालिकेचा १९८० चा निकाल वाचा, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा. तिथेही उघडी गटारं, दारूच्या कारखान्याचं घाण पाणी आणि नगरपालिकेचं पैसे नसल्याचं रडगाणं होतं. कोर्टाने ऐकलं नाही, कायद्याने दिलेलं मूलभूत काम निधीच्या सबबीवर टाळता येत नाही असं सांगितलं. विशेष म्हणजे तो लढा हायकोर्टात नव्हे, दंडाधिकाऱ्यापुढे सार्वजनिक उपद्रवाच्या कलमाखाली सुरू झाला होता. तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, सविस्तर बोलू.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, रोजनाम्याच्या नकलेचा अर्ज उद्याच भावजींच्या हातून देते. अजून दोन शंका. मागणीपत्र मराठीत चालेल ना? आणि कोर्टाचा आदेश आला तरी त्यांनी नोंद केली नाही तर? आईला हीच भीती आहे की इतकं सगळं करूनही परत तेच ऐकायला लागेल. गावात राहायचं तिला आहे, म्हणून तिला राग ओढवून घ्यायचा नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

मागणीपत्र मराठीतच द्या. महसुलाचा कारभार मराठीत चालतो. याचिका इंग्रजीत लागते, ते वकील बघतील.

आदेश मोडला तर अवमान याचिका, १९७१ चा कायदा. अवमान झाल्याच्या तारखेपासून १ वर्षाच्या आत करायची असते, म्हणून आदेशाची प्रत मिळाल्या मिळाल्या तिघांना पोहोचवा आणि पोच जपून ठेवा. तिथे अधिकाऱ्याला स्वतःच्या नावाने उत्तर द्यावं लागतं, साहेबांनी तोंडी सांगितलं हे चालत नाही. माझ्या अनुभवात अवमानाची नोटीस निघाली की नोंद होतेच.

आणि आईंना सांगा, याचिकेत कोणावर वैयक्तिक आरोप करायची गरज नसते. आदेश आहे, स्थगिती नाही, अंमलबजावणी करा, एवढंच मागायचं. लाच, दबाव वगैरे शब्द पुरावा नसेल तर घालू नका. रोजनाम्याची नक्कल आली की तपशील झाकून इथे टाका, बघून सांगतो.