मदत हवी आहे: नोकरी सोडलेल्या माणसाच्या स्वतःच्या फोनवरून फक्त कंपनीचा मेल कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात लहान-मध्यम कंपन्यांची आयटीची कामे बघतो. सर्व्हर, बॅकअप, नेटवर्क आणि मुख्य म्हणजे मेल. शनिवारी एका क्लायंटच्या मालकांना उत्तर द्यायचे आहे, म्हणून इथे विचारतोय.

क्लायंटचा व्हॉल्व्हच्या सुट्या भागांचा कारखाना मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आहे, ऑफिस अकोट्याला. पन्नासेक मेलबॉक्स, ऑफिसातच ठेवलेला एक्स्चेंज २०१६, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर. सेल्सचा एक इंजिनिअर नुकताच नोकरी सोडून थेट स्पर्धकाकडे गेला. फोन त्याचा स्वतःचा, आयफोन. कंपनीचा मेल त्यात ॲक्टिव्हसिंकने (एक्स्चेंजचा मेल फोनवर आणायची पद्धत) जोडलेला, फोनच्याच मेल ॲपमध्ये. रेट लिस्ट, ड्रॉइंग, डीलरांशी झालेली घासाघीस, सगळे त्याच मेलबॉक्सात. मालकांचा निरोप आला, "आखो फोन साफ करी नाखो," म्हणजे अख्खा फोन पुसून टाका.

ॲडमिन पॅनेलमध्ये त्यासाठी बटण आहे आणि अधिकारही माझ्याकडे आहेत. तरी मी ते दाबलेले नाही. एक्स्चेंज २०१६ मधून दिलेला हा हुकूम आयफोनच्या मेल ॲपपर्यंत पोचला की नुसता मेल जात नाही, अख्खा फोन फॅक्टरीतून आल्यासारखा कोरा होतो. त्याला लहान मुलगी आहे, तिचे फोटो त्याच फोनमध्ये असणार. बँकेची ॲप, घरच्यांचे नंबर, सगळे त्यातच. बॅकअप आहे की नाही, मला माहीत असण्याचे कारण नाही. कंपनीची माहिती कंपनीची, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याच्या घरचे आयुष्य पुसायचा अधिकार मालकांना नाही आणि मला तर नाहीच.

आतापर्यंत पासवर्ड बदलला, त्याच्या मेलबॉक्सचे ॲक्टिव्हसिंक, आयमॅप (मेल घ्यायची दुसरी, साधी पद्धत) आणि वेबमेल बंद केले, नवे मेल मॅनेजरकडे वळवले. म्हणजे पुढचे काही त्याला मिळणार नाही. पण फोनवर आधी उतरलेले मेल तिथेच आहेत. शिवाय खाते असे बंद केले की पुसण्याचा हुकूमही पोचत नाही, कारण तो पोचायला फोनने सर्व्हरशी लॉगिन करून बोलावे लागते. म्हणजे मालकांचे ऐकायचे तर दार पुन्हा उघडावे लागेल! हा क्रम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: एचआर आधी खाते बंद करायला सांगते आणि आठवड्याने फोनची आठवण होते.

बाकीच्या फोनांची स्थिती अशी. काहींकडे आयफोन, बहुतेकांकडे अँड्रॉइड. अँड्रॉइडवर एक्स्चेंजचे खाते जोडताना "सर्व डेटा मिटवणे" वगैरे परवानग्यांची यादी येते, ती न वाचता सगळे पुढे जातात. काहींनी आयमॅपने मेल घेतलाय. तिथे दूरवरून पुसायची सोयच नाही, पासवर्ड बदलणे एवढेच हातात. दोन-तीन जण आउटलुक ॲप वापरतात. त्यात पुसले तर त्या ॲपमधलेच जाते, फोन शाबूत राहतो. पण ते ॲप आपल्या सर्व्हरशी थेट बोलत नाही, मध्ये मायक्रोसॉफ्टचा क्लाउड असतो, आणि "सर्व्हर आपला आहे ना, मग मेल बाहेर कशाला?" हा मालकांचा जुना प्रश्न आहे.

सर्व्हर तसाही बदलायचाच आहे. एक्स्चेंज २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ॲक्टिव्हसिंकसाठी सर्व्हरचा ४४३ पोर्ट (बाहेरून आत यायचे दार) इंटरनेटवर उघडा आहे. मार्च २०२१ मध्ये जगभरच्या एक्स्चेंज सर्व्हरांवर हॅकरांचे हल्ले होऊन काय गुदरले ते इथल्या बहुतेकांना आठवत असेल. मालक क्लाउडच्या विरोधातच होते, पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, तळमजल्यावरचा सर्व्हरचा रॅक घाईघाईने वर न्यावा लागला, तेव्हापासून थोडे मऊ झालेत.

तर विचारायचे आहे ते असे. स्वतःचे फोन वापरणाऱ्या स्टाफसाठी तुम्ही लोक काय करता? फक्त कंपनीचा मेल काढता येईल अशी, पन्नास माणसांच्या कंपनीला परवडणारी व्यवस्था कोणी प्रत्यक्ष चालवतेय का? आणि या गेलेल्या माणसाचे काय करू?

प्रतिसाद १

बटण दाबले नाहीत ते फार बरे केलेत. मी इंदूरला हेच काम करतो. फोन पुसायची लेखी संमती नोकरीत घेताना घेतली होती का? नसेल तर त्या बटणाचा विचारही करू नका. मालकांना सांगा की वकिलाकडून पत्र पाठवा: कंपनीचे खाते फोनवरून काढले आणि कुठलीही प्रत ठेवली नाही, असे लिहून द्या. आयफोनवर सेटिंगमधून खाते काढले की त्याबरोबर उतरलेले मेलही जातात. बहुतेक लोक निमूटपणे करतात.

शिवाय मालकांना शांतपणे हेही समजवा की ज्याला रेट लिस्ट न्यायची होती त्याने ती राजीनाम्याआधीच व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवली असेल. फोन पुसून ती परत येत नाही. सर्व्हरचे लॉग मात्र आजच वेगळे काढून ठेवा, शेवटच्या महिन्यात त्याने बाहेर काय फॉरवर्ड केले ते त्यात सापडेल. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत. एक्स्चेंज मात्र मेसेज ट्रॅकिंगचे लॉग (कोणी कोणाला मेल पाठवला त्याची नोंद) मुळात ३० दिवसच ठेवते, सेटिंग वाढवले नसेल तर उशीर करू नका.

प्रतिसाद २

पुढच्यासाठी माझे मत: मेल एक्स्चेंज ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) न्या आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चे बिझनेस प्रीमियम लायसन्स घ्या. ३०० माणसांपर्यंत चालते आणि इंट्यून (फोन आणि ॲप सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) त्यातच येते. फोन "एनरोल" करूच नका, म्हणजे अख्खा फोन कंपनीच्या ताब्यात घेऊ नका. फक्त ॲप प्रोटेक्शन पॉलिसी लावा, आउटलुक ॲपपुरती. कंपनीचा मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवता येत नाही, अटॅचमेंट फोनमध्ये सेव्ह होत नाही, आणि माणूस गेला की फक्त त्या ॲपमधला कंपनीचा डेटा पुसायचा. फोटोला हात लागत नाही.

दोन अडचणी आधीच सांगतो. अँड्रॉइडवर कंपनी पोर्टल हे ॲप टाकावे लागते, लॉगिन करायचे नसले तरी. नाव वाचूनच लोक बिथरतात, "आता शेठ आमचे मेसेज बघणार" म्हणून. त्यांना एकत्र बसवून स्क्रीनवर दाखवा की ॲडमिनला काय दिसते आणि काय नाही. दुसरे, फोन ऑफलाइन ठेवला तर पुसणे लगेच होत नाही. सर्व्हरशी न बोलणाऱ्या ॲपमधला डेटा आपोआप पुसायची मुदत मुळात ९० दिवस असते, सेल्सवाल्यांसाठी ती कमी करा. आणि कंडिशनल ॲक्सेसने (कुठल्या ॲपमधून मेल उघडू द्यायचा ते ठरवणारे नियम) फोनचे मेल ॲप बंद करायला विसरू नका, नाहीतर लोक पॉलिसीला वळसा घालून जुन्याच ॲपमध्ये मेल घेतील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लॉग काल रात्रीच वेगळ्या डिस्कवर घेतले. मालकांशीही बोललो. फोन पुसायचा नाही, पत्र पाठवायचे, हे त्यांनी मानले. "तुमच्या मुलाचा फोन असा कोणी पुसला तर?" एवढेच विचारले. एचआरला सांगितलेय की राजीनामा आला की पहिला फोन मला करायचा, खाते बंद करण्याआधी.

बिझनेस प्रीमियमचा खर्च सगळ्या पन्नास जणांसाठी त्यांना जड वाटतोय. सेल्स, परचेस आणि डिझाइनच्या लोकांनाच ते द्यावे, शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरांना स्वस्तातले लायसन्स देऊन फोनवर मेलच देऊ नये, असा विचार चाललाय. असे मिश्र लायसन्स कोणी चालवले आहे का? कंडिशनल ॲक्सेस दोन्ही गटांना नीट लावता येते का, की ज्यांच्याकडे स्वस्त लायसन्स आहे ते फोनवर मेल जोडूनच घेतात? सुपरवायझरांच्या मेलबॉक्सवर ॲक्टिव्हसिंक, आयमॅप आणि आउटलुक ॲपची परवानगी एकेक करून बंद केली तर पुरेल, असे मला वाटतेय, पण अनुभव असलेल्या कोणी सांगितले तर बरे होईल.