मदत हवी आहे: सोसायटीमागच्या टेकडीवर टॉवर येतोय, हरकत नेमकी कुठे घ्यायची?

नमस्कार मंडळी,

मुंबईत मुलुंड-भांडुप पट्ट्यात, संजय गांधी नॅशनल पार्कच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी आमची जुनी सोसायटी आहे. मागच्या कंपाउंडपासून थेट चढच सुरू होतो. वरच्या एका खाजगी भूखंडाला आता पत्रे लागलेत, झाडांवर नंबर पडलेत आणि पोकलेन चढेल एवढा रस्ताही कापून झालाय. दोन टॉवर आणि पोडियम पार्किंग होणार असं ब्रोकर सांगतात. परवानगीचा तपशील देणारा फलक अजून लागलेला नाही.

खरी काळजी पाण्याची आहे. टेकडीवरचं पावसाचं पाणी एका ओहळातून आमच्या मागच्या भिंतीला लागून नाल्यात जातं, आणि कापलेला मुरूम नेमका त्याच ओहळात ढकललाय. मालाडला पिंपरीपाड्यात जुलै २०१९ मध्ये आणि चेंबूरच्या भारतनगरात जुलै २०२१ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन्हीकडे भर पावसात, रात्री, भिंत घरांवर आली.

जाणकारांनी सांगावं: अशा परवानगीआधी जाहीर सुनावणी असते का? कमिटीतले एक काका म्हणतात, पाचशे सह्या दिल्या की सुनावणी लावावीच लागते. १:५ पेक्षा जास्त (पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) चढावर बांधकाम करता येत नाही असंही ऐकलंय, ते खरं का? आणि नॅशनल पार्कपासून किती अंतर सोडावं लागतं?

आमच्या सेक्रेटरींना हाच बिल्डर उद्या आपलं रिडेव्हलपमेंट करेल अशी आशा आहे. त्यामुळे सोसायटीचं लेटरहेड काही लवकर मिळत नाही.

– पायथ्याचा रहिवासी

*

काकांना नमस्कार सांगा, पण सह्यांनी सुनावणी लागत नाही. मुंबईत साध्या इमारत परवानगीवर शेजाऱ्यांना कोणी विचारत नाही. आर्किटेक्ट प्लॅन ऑनलाइन टाकतो, पालिकेचं इमारत प्रस्ताव खातं तो डीसीपीआर २०३४ शी, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीशी ताडून बघतं, आयओडी (अटींसह प्लॅनची मंजुरी) निघते, मग सीसी (काम सुरू करायचा दाखला). २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय.

कायदा तुमचं ऐकून घेतो अशा जागा मोजक्याच. भूखंडाचा झोन किंवा आरक्षण बदलायचं असेल तर एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर नोटीस निघते आणि महिन्याभरात कोणीही हरकत घेऊ शकतो. दुसरी जागा झाडांची. नंबर पडलेत म्हणजे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे झाडं तोडायचा प्रस्ताव गेला असेल किंवा जायच्या बेतात असेल. त्याची नोटीस पेपरात येते आणि झाडांवरही चिकटवतात. हरकतीला मुदत सात दिवस. बाकी सगळं सोडा आणि उद्या सकाळी आधी ती नोटीस शोधा.

मग भूखंडाचा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर मिळवून डीपी रिमार्क काढा, म्हणजे विकास आराखड्यात तो कुठल्या झोनमध्ये आहे ते कळेल. पालिकेच्या साइटवर फी भरून मिळतो. निवासी झोन निघाला तर टॉवर थांबेल ही आशा सोडा, तिथून पुढे भांडण अटींचं. ग्रीन झोन किंवा नॅचरल एरिया निघाला तर गोष्ट निराळी.

१:५ चा नियम यूडीसीपीआरमधला, म्हणजे राज्यातल्या बाकी शहरांच्या बांधकाम नियमावलीतला आहे. पुणे-नाशिकची मंडळी सांगतात ते बरोबरच, पण मुंबई महापालिका त्या नियमावलीतून वगळलेली आहे. अर्जात तो लिहिलात तर एका ओळीत उत्तर येईल आणि तुमचे बाकीचे मुद्देही त्याच्यासोबत जातील.

नॅशनल पार्कचं इको-सेन्सिटिव्ह झोन (पार्कभोवतीचा बंधनं असलेला पट्टा) ५ डिसेंबर २०१६ ला अधिसूचित झालं. त्याची रुंदी कुठे १०० मीटर, कुठे ४ किलोमीटरपर्यंत. तेव्हा गुगल मॅपवर पट्टी लावू नका, अधिसूचनेचा नकाशा आणि आपला नंबर जुळवून बघा. आणि सातबारावर ‘खाजगी वन’ शेरा दिसला तरी लगेच पेढे वाटू नका. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोदरेज प्रकरणात सांगितलंय की वन कायद्याखाली नुसती जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावर जमीन खाजगी वन ठरत नाही.

– निवृत्त सर्व्हेअर

*

लेटरहेडसाठी अडून बसू नका. माहिती अधिकार अर्ज नागरिकाने स्वतःच्या नावानेच करायचा असतो, फी १० रुपये. फक्त ‘ही परवानगी योग्य आहे का?’ असं विचारू नका. मत मागता येत नाही, कागद मागता येतात. माती तपासणी अहवाल, रिटेनिंग वॉलचं ड्रॉइंग आणि त्यावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, पर्जन्य जलवाहिन्या खात्याचा शेरा, आयओडीच्या सगळ्या अटी. फाइल प्रत्यक्ष बघायची परवानगीही त्याच अर्जात मागा, कारण झेरॉक्समध्ये नकाशे वाचता येत नाहीत.

मुरूम काढायला महसूल खात्याचा गौण खनिज (माती, मुरूम, दगड वगैरे) परवाना लागतो. तो अर्ज वेगळा, कलेक्टर ऑफिसकडे. आमच्याकडे घाटकोपरला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला, कारण किती ब्रासची (मुरूम मोजायचं माप) परवानगी आणि उचलला किती, हे कागदावर लपवता येत नाही.

पण उत्तराला ३० दिवस जातात आणि पाऊस तेवढा थांबत नाही. ओहळ बुजवल्याची तक्रार आजच वेगळी करा, तारीख दिसेल असे फोटो लावून.

– घाटकोपरची ताई

*

मला एक सांगा, तुमची बिल्डिंग काय सपाट मैदानावर उभी आहे? तीही टेकडी कापूनच झाली ना! आपण खाली सुखाने राहायचं आणि नव्याने घर घेणाऱ्याला वर येऊ द्यायचं नाही, हे काही पटत नाही.

– नवा भाडेकरू

*

आमची बिल्डिंगही मुरूम कापूनच झालीय, नाकारत नाही. म्हणूनच टॉवर नको असं कुठे लिहिणार नाहीये. ओहळ मोकळा करा, भिंत आणि गटार आधी बांधा, टॉवर मग चढवा, एवढंच मागायचं ठरवतोय. सेक्रेटरींनाही यात अडचण दिसत नाहीये!

सर्व्हेअरकाका, नोटीस सापडली. पत्र्याच्या आतल्या एका झाडावर होती, वॉचमनने फोटो काढू दिला. मुदत अजून संपलेली नाही. हरकत वॉर्डातल्या उद्यान खात्यात दिली तर चालेल का? आणि पाण्याचा मुद्दा त्यात घालू का?

– पायथ्याचा रहिवासी

*

वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे लिहा. नोटिशीत पत्ता छापलेला असतो, तिथेच द्या आणि वॉर्डात एक प्रत. दोन्हीकडे आवक शिक्का घ्या. पाणी घालाच, पण झाडांना जोडून: ओहळाच्या काठावर कुठल्या नंबरची झाडं आहेत, त्यांच्या मुळांनी कुठला चढ धरून ठेवलाय. झाडाचा नंबर नसलेली हरकत कोणी वाचत नाही.

– निवृत्त सर्व्हेअर