मदत हवी आहे: हॅमस्टरमध्ये भलतीच वेळ पडते

नारळीभात: लिनक्सवर हॅमस्टर हे कामाचे तास नोंदवणारं ॲप टाकलंय, तासावर पैसे मिळतात म्हणून. आज सकाळी नऊला काम सुरू केलं तर नोंद पडली दुपारी अडीचची, काल मात्र बरोबर होती, काढून परत टाकलं तरी तेच. रात्री पुण्याला टाइमशीट पाठवायचीय, प्लीज लवकर.

गजालीकार: खयचा लिनक्स ता तरी सांग मेल्या

टर्मिनलभक्त: हॅमस्टर सोडा. टाइमवॉरियर घ्या, एक ओळ टाइप केली की मोजणी चालू, आठवड्याचा हिशोबपण एका ओळीत.

सुरंगी: त्यापेक्षा ॲक्टिव्हिटीवॉच. कुठल्या विंडोत किती वेळ गेला ते आपोआप नोंदवतं, डेटा आपल्याच मशीनवर राहतो. फक्त स्क्रीनवर विंडो दाखवायला वेलँड असेल तर वेगळा वॉचर, म्हणजे नोंद घेणारा भाग, लागतो.

टर्मिनलभक्त: तिथे वेळ चुकतेय, तुम्ही वेलँड कुठे काढलंत?

सुरंगी: मग तुमचं टाइमवॉरियर काय स्वतःचं घड्याळ घेऊन येतं?

नारळीभात: लिनक्स मिंट आहे. आणि मेल्या काय, मी मुलगी आहे.

वाशिष्ठीकाठ: मदरबोर्डावरचा घड्याळाचा सेल गेलाय. सीआर२०३२ आणून बसव, माझं तसंच सुटलं.

खाडीपलीकडे: सेल गेला तर तारीखच कुठल्या कुठे जाते हो. नऊचे अडीच म्हणजे बरोब्बर साडेपाच तास, आपल्यात आणि यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, तेवढाच फरक. मशीनवर विंडोजपण आहे का?

नारळीभात: आहे की. बाबा रात्री त्यात आंबापेट्यांचा हिशोब करतात. त्याचा काय संबंध?

खाडीपलीकडे: तेच तर! विंडोज बोर्डाच्या घड्याळात आपली वेळ लिहून ठेवतं, लिनक्स तिला यूटीसी समजून वर साडेपाच तास चढवतं. नेट असलं की आपोआप सुधारतं. सकाळी नेट होतं?

नारळीभात: नाही, रात्री वाऱ्याने केबल तुटली. मोबाईलवरून लिहितेय.

खाडीपलीकडे: हे आधी सांगायचं ना. आता हॉटस्पॉट जोड, वेळ बरोबर झाली की मगच टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, १. इंग्रजीत, हायफनसकट. मग लिनक्सपण बोर्डाच्या घड्याळात आपलीच वेळ धरेल.

टर्मिनलभक्त: चूक. त्यावर सिस्टीम स्वतःच वॉर्निंग दाखवते. विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे आतली सेटिंग्ज, बदलून त्यालाच यूटीसी पाळायला लावा.

खाडीपलीकडे: वॉर्निंगचं मुख्य कारण उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणारे देश. आपल्याकडे कुठे तसलं काय? आणि तिच्या बाबांच्या रजिस्ट्रीत हात घालायला तुम्ही येणार का देवगडला?

नारळीभात: झालं!! पण सकाळची नोंद अडीचचीच राहिलीय.

खाडीपलीकडे: ती उघडून हाताने बदल.

गजालीकार: बाबा पेटी काय भावान देतत?