डॉलर नव्वदीपार गेला म्हणून तेल महाग? का दुकानदार आपल्याला गंडवतोय?

भडंगप्रेमी सांगलीकर
मंडळी, काल गणपती पेठेत किराणा आणायला गेलतो. तेलाच्या पिशवीमागं डायरेक्ट १२ रुपये जास्त लावले. का ओ म्हटलं, तर मालक म्हणतो, "सायेब डॉलर नव्वदच्या वर गेलाय, पेपर वाचता का नाही?" आता पेपर मी पण वाचतो, ३ डिसेंबर २०२५ ला ९० पार झाला ते मलाही माहितीय. पण ती पिशवी त्याच्या गोडाऊनला दिवाळीच्या आधीपासनं पडलेली असणार, तिला डॉलरचं वारं लागलं कुठनं? आणि उद्या डॉलर ८७ वर आला तर हाच मालक १२ रुपये कमी करणार का? घरी आल्यावर बायकोनं पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचायला लावली, वजन ७५० ग्रॅम. आधी लिटरची पिशवी म्हणजे ९१० ग्रॅम असायची. हे पण डॉलरनंच केलं का? माझं मत, डॉलर हे नुसतं निमित्त आहे. पटत नसेल त्यांनी सांगा.

वखारभाग
नाही पटत. मी स्वतः ठोक धंद्यात आहे म्हणून बोलतो, मग शिव्या घाला. दुकानदार आजचा डबा विकतो तेव्हा त्याच पैशात त्याला उद्याचा डबा भरायचा असतो. जुन्या भावात विकला तर पुढच्या खेपेला दहा डब्यांच्या पैशात नऊच येतील, ही तूट काय तुम्ही भरून देणार? आणि आपल्या देशाला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरनं येतं, पाम इंडोनेशिया मलेशियातनं, सोया अर्जेंटिना ब्राझीलकडनं, सूर्यफूल रशिया युक्रेनमधनं, आणि बहुतेक सौदा डॉलरात. धरून चाला टनाला ११०० डॉलर भाव आहे. मे २०२५ ला डॉलर ८५ च्या आसपास होता, म्हणजे किलोला साडेत्र्याण्णव रुपये. आता ९० नं तेच ९९. परदेशातल्या माणसानं एक पैसा वाढवला नाही तरी इथं साडेपाच वाढले. त्यावर कच्च्या खाद्यतेलाची आयात ड्यूटी सेस धरून साडेसोळा टक्के, वर ५ टक्के जीएसटी. पावणेसात रुपये झाले बघा.

मिरजेची सूनबाई
@वखारभाग, दादा गणित एकदम भारी मांडलंत, पण ते तुमच्याच अंगावर आलं की. पावणेसात किलोला. पिशवी पाऊण किलोची. म्हणजे पिशवीला ५ रुपये. मालकानं घेतले १२. वरचे ७ कुणाच्या डॉलरचे?

वखारभाग
ताई, भाव नुसत्या डॉलरवर नसतो, बाहेरचा बाजार पण हलतो. २०२२ आठवा, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामची निर्यातच बंद केली, जवळजवळ महिनाभर. तेव्हा रुपयाचा काय संबंध होता?

मिरजेची सूनबाई
मग तेच तर म्हणतेय मी, कारण दर वेळी वेगळं असतं पण पाटीवर एकच लिहितात, डॉलर. आणि वाढताना रातोरात वाढतं, उतरायची वेळ आली की "जुना माल आहे वहिनी". तेव्हा नाही का उद्याचा डबा आठवत? मे २०२५ ला सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरची मूळ ड्यूटी २० टक्क्यांवरनं १० केली, आमच्या गल्लीतल्या दुकानात त्याचा पत्ता लागायला श्रावण उजाडला.

वाळव्याचा गडी
तुमचं तेल स्वस्त पायजे, मान्य. पण ती ड्यूटी कमी केली तेव्हा आमचं काय झालं ते कुणी विचारलं का? सप्टेंबर २०२४ ला सरकारनं ड्यूटी शून्यावरनं २० केली तेव्हा शहरातल्यांनी बोंब मारली, आणि त्याच सीझनला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ असताना आम्ही त्याच्या खाली विकून आलो. बाहेरचं तेल महाग पडलं तर मिलवाला आमच्या सोयाबीनला जरा तरी विचारतो. म्हणून मला डॉलर ९० काय १०० झाला तरी चालंल. सरळ बोललो, राग मानू नका.

तासगाव_द्राक्ष
वाळवेकर, असं वाटतं खरं. आम्हालाही सगळे म्हणतात डॉलर वाढला, तुमची मजा आहे लका, माल युरोपला जातो. अरे माल जातो पण माझं बिल रुपयात होतंय, बागेत उभं राहून किलोचा रेट ठरतो. वरचा फायदा एक्स्पोर्टरच्या खिशात, आणि तो सांगतो कंटेनरचं भाडं पण डॉलरातच भरतो मी. खर्चाला मात्र डॉलर आम्हाला बरोबर शोधत येतोय. पोटॅश सगळं बाहेरनं, फळछाटणीनंतर डोळे फुटायला पेस्ट लावतो ती, घड बुडवायचं (डिपिंगचं) जीए संजीवक, औषधांचा कच्चा माल, बरंचसं तिकडचंच. डीएपीची बॅग १३५० ला मिळते म्हणून लोकांना वाटतं खत वाढलं नाही. वाढलंय, फक्त सरकार सबसिडीतनं भरतंय, म्हणजे परत आपणच.

भडंगप्रेमी सांगलीकर
हे सबसिडीचं डोक्यात आलं नव्हतं. पण भाजीवाली पण परवा डॉलर म्हणाली ओ. मेथीची पेंडी काय दुबईवरनं येते का 😀

कूपर कॉलनी
साताऱ्यातनं लिहितोय. भाजीवालीला वाटतं डिझेल वाढलं. पण डिझेल कुठं वाढलंय? मार्च २०२४ ला लिटरमागं २ रुपये कमी केले त्यानंतर २०२५ संपत आलं तरी पंपावरचा आकडा जवळजवळ तिथंच आहे. मधल्या काळात रुपया ८३ वरनं ९० वर गेला, कच्चं खनिज तेल बाहेर उतरलं, आपल्याला ना ते लागलं ना हे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाहेर तेल मातीमोल झालं तेव्हाही सरकारनं मे महिन्यात पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये टॅक्स वाढवून सगळा फायदा गिळला होता. त्यामुळं पंपाच्या बाबतीत तरी डॉलरचं नाव घेऊ नका, तिथं दिल्ली मुंबईचं राज्य आहे.

वखारभाग
म्हणजे कुणीतरी मधे उशी धरली म्हणून मार लागला नाही. मार नव्हताच असं नाही. उशी काढली की काय होतं ते श्रीलंकेत बघितलं ना? डॉलर तिथल्या २०० रुपयांच्या आसपास दाबून धरला, मार्च २०२२ ला सोडला, मे पर्यंत ३६० वर. सप्टेंबरला महागाई ७० टक्क्यांना टेकली. पेट्रोलला रांगा, पोरांच्या दुधाच्या पावडरीला रांगा, कारण पावडर पण आयातीची.

कूपर कॉलनी
श्रीलंकेची तुलना नको. त्यांच्याकडं परकीय चलन संपलं होतं. आपली ज्वारी, दूध, भाजी, ऊस इथलाच. भिलवडीची म्हैस डॉलरवर चरत नाही.

तासगाव_द्राक्ष
सरकी पेंडीचा भाव बघितलाय का कधी? म्हैस ती खाते.

गलाईवाला विटा
मी तमिळनाडूत असतो, आमचा धंदा सोन्याचा. दोन्ही बाजूंना सांगतो, सोनं बघा. २०२४ च्या जुलै बजेटला ड्यूटी १५ ची ६ केली, त्याच दिवशी भाव पडला, डॉलर जागचा हलला नव्हता. आणि या २०२५ च्या वर्षी सोनं निम्म्याहून जास्त वाढलं पण रुपया पडलाय पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीची वाढ जगाच्या बाजाराची. तरी दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "डॉलर उतरल्यावर घेऊ का?" पोरीचं लग्न फेब्रुवारीत आणि हे डॉलर उतरायची वाट बघत बसलेत.

मिरजेची सूनबाई
गलाईवाले दादा, निदान तुमच्या धंद्यात भाव उतरलेला त्याच दिवशी कळतो तरी. तेलवाल्यांना पण तसा बोर्ड लावायला सांगा.

वाळव्याचा गडी
आणि सोयाबीनचा बोर्ड कोण लावणार?

भडंगप्रेमी सांगलीकर
अपडेट देतो. आज परत गेलो होतो. वखारभाग आणि सूनबाईंचं गणित कागदावर उतरवून नेलं, पिशवीला ५ रुपये होतात, तुम्ही १२ घेतले, ७ परत द्या. मालकानं चष्मा लावून सगळं वाचलं, मान डोलावली, कागदाची घडी घालून गल्ल्यात ठेवली आणि म्हणाला, "गणित बरोबर आहे सायेब, पण सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या."