अनुभव धागा : बर्फ फोडत जाणाऱ्या बोटीवर

पार्लेकर

उत्तर ध्रुवावर जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : थंडी किती होती? भाजीवालीपासून साडूपर्यंत सगळ्यांना उणे किती, तेच हवं असतं. जुलैत तिथे शून्याच्या आसपास असतं, संपलं. तेवढ्यासाठी आयुष्यभराची पुंजी कोण मोडतो!

मला आठवतो तो आवाज. २०१८ साली मुरमान्स्कहून ‘५० लेट पोबेदी’ या रशियन आइसब्रेकरने गेलो. दोन अणुभट्ट्या, ७५,००० अश्वशक्ती. आधी बॅरेंट्स समुद्रात नुसतं पाणी, मग बर्फ सुरू झाला. रात्री पडलो (सूर्य डोक्यावर, तरी रात्रच म्हणायची) की पलंगाखालून कोणीतरी गोदरेजचं कपाट फरशीवरून ओढत नेतंय असं वाटायचं. दिवसच्या दिवस तेच कपाट. मध्येच थांबलं की मला जाग यायची. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली की डुलक्या घेणारा सगळा डबा जागा होतो ना, तशी.

मागच्या डेकवरची मजा वेगळीच. दोन-अडीच मीटर जाडीची लादी उलटली की खालची बाजू निळी दिसते, आणि कुठे कुठे चहा सांडल्यासारखी तपकिरी. ते शेवाळ, बर्फाच्या पोटाला धरून वाढतं. त्याच्याबरोबर लहान लहान ध्रुवीय कॉड मासे लादीवर फेकले जातात, तडफडतात, आणि मागावर असलेले किटीवेक जातीचे कुरव ते टिपतात. गेटवेहून एलिफंटाला जाताना लाँचमागे गाठ्यांसाठी कुरवांचा जो दंगा चालतो, तोच हा. इथे गाठ्या बोटच टाकते, एवढंच.

ध्रुवावर खांब-बिंब काही नाही. जीपीएसवर ९० अंश जुळेपर्यंत कॅप्टन बोट मागेपुढे करत होता, सोसायटीत गाडी लावल्यासारखी.

कोणी बर्फातल्या बोटीवर गेलं असेल, मोठ्या-छोट्या कुठल्याही, तर लिहा. थंडी सोडून काहीही चालेल.

भाऊचा धक्का

मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये उमेदवारीपासून चीफपर्यंत सगळं केलं. बर्फात गेलो तो पर्यटक म्हणून नव्हे, फिनलंडच्या आखातात आइसब्रेकरच्या मागे मालवाहू बोट घेऊन. पार्लेकर, तुमचं कपाट तुम्ही वरून ऐकलंत. पाण्याच्या पातळीखाली, इंजिनाशेजारी उभं राहून ऐका. गावाकडे पत्र्याच्या पडवीवर नारळ पडतो, तसे शंभर नारळ एकदम.

एक गैरसमज काढतो. आइसब्रेकर बर्फ कापत नाही. उतरतं नाक बर्फावर चढवतो आणि स्वतःच्या वजनाने मोडतो. त्यासाठी तळ गोलसर लागतो, आणि तो गोल तळच मोकळ्या समुद्रात बोटीला परातीसारखं डुलवतो. म्हणजे बर्फात राजा, पाण्यात सगळ्यांना ओकाऱ्या.

आमची खरी डोकेदुखी वेगळी. इंजिन गार करायला जे समुद्राचं पाणी आत घेतो, त्या सी चेस्टमध्ये बर्फाचा लगदा अडकतो. पाणी बंद, इंजिन तापलं. मग इंजिनातून निघालेलं गरम पाणी उलट तिथेच सोडून तोंड मोकळं करायचं. बाहेर सगळीकडे बर्फ आणि आत इंजिन तापतंय म्हणून आम्ही घामाघूम! तुमच्या त्या अणुबोटीचं तर अजब. तिच्या भट्ट्यांना थंडच समुद्र लागतो, त्यामुळे ती विषुववृत्त ओलांडून दक्षिण ध्रुवाकडे जाऊच शकत नाही. तिच्याच घराण्यातली ‘आर्क्टिका’ १७ ऑगस्ट १९७७ ला ध्रुवावर पोचली. पाण्यावरून तिथवर गेलेली ती पहिली बोट.

ठाणेकरीण

आमची उडी फिनलंडमधल्या केमीपर्यंतच. ‘साम्पो’ नावाचा १९६० सालचा जुना आइसब्रेकर आहे, १९८८ पासून पर्यटकांना फिरवतो. बोटीने फोडलेल्या वाटेत आपल्याला रबरी सूट घालून तरंगायला सोडतात. मी कठड्याला धरून राहिले. सासूबाई (वय ६८) म्हणाल्या, “पैसे भरलेत ना?” आणि उतरल्या. सूट नारिंगी, टोपी हनुवटीपर्यंत घट्ट, आत पाणी शिरत नाही, माणूस बुडत नाही. पाठीवर पडून दोन्ही हात पसरले आणि ओरडल्या, “अगं, मला विसर्जनाला सोडलंत की काय!” मुलाने व्हिडिओ काढला, तो आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला.

प्राणी विचाराल तर कावळासुद्धा दिसला नाही.

कांदेपोहे

जपानमध्ये होक्काइडोला मोनबेत्सूची ‘गारिन्को’ घेतली. बोटीच्या पुढे दोन भलेमोठे स्क्रू असतात, ते फिरत बर्फात घुसतात. असं म्हणे. आदल्या रात्री वारा फिरला आणि सगळा बर्फ खोल समुद्रात निघून गेला. स्क्रू पाण्यात फिरताना पाहिले. धक्क्यावर स्टेलर जातीचा समुद्रगरुड बसला होता, पिवळीधमक चोच, त्याच्यावर समाधान मानलं.

गिरगावची लेक

स्वालबार्डला (नॉर्वेची पार उत्तरेकडची बेटं) जाणाऱ्यांनी हे आधी वाचा. तिथे व्हिसा लागत नाही हे खरं, पण वाट ओस्लोवरून. ओस्लोतून निघालात की शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांच्या, बाहेर पडलात, परतताना पुन्हा आत. म्हणजे दोनदा प्रवेशाचा व्हिसा हवा. आमच्या एजंटने एकदाच प्रवेशाचा काढून दिला आणि वर “होऊन जातं हो मॅडम” म्हणाला. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी चष्मा लावून शिक्का वाचला म्हणून कळलं. ती बोट गेली, पैसे निम्मे गेले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, गेलो.

अस्वल दिसलं. शुभ्र-बिभ्र नसतं हं, बर्फापुढे ते जुन्या बनियनसारखं पिवळट दिसतं, त्यामुळेच सापडतं. २०२५ पासून अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहायचा नियम आहे, मार्च ते जूनमध्ये तर ५००. मोबाइलमध्ये तो एक तांदळाचा दाणा येतो. दुर्बीण न्या, आणि एकीत दोघांनी भागवू म्हणू नका. आमचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

एक उन्हाळा मैत्रीवर

मी पर्यटक नाही, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेबरोबर तांत्रिक कामाला होतो. केपटाऊनहून बोटीने. तिथून खाली समुद्र असा खवळलेला की दादरहून नेलेला आलेपाक तिसऱ्या दिवशी संपला. मग एका पहाटे एकदम शांत. तरंगत्या बर्फात शिरलो होतो, बर्फ लाटांना दाबून ठेवतो. आमच्यात म्हणायचे, बर्फ लागला की बोट लागायची थांबते. पुढे घट्ट बर्फ आल्यावर मागे यायचं, धडक मारायची, पुन्हा मागे.

आपला तिथला मैत्री तळ १९८९ चा, बर्फाच्या काठापासून साधारण १०० किलोमीटर आत, उघड्या खडकावर. तिथे माणसावर राज्य करतो तो स्कुआ पक्षी. घरट्याजवळ गेलात की मागून येऊन टाळक्यावर फटका. आपल्याकडे मे महिन्यात कावळे करतात, तसंच, पण कावळा बरा. स्कुआ सगळ्यात उंच वस्तूवर झडप घालतो, म्हणून आम्ही काठी डोक्याच्या वर धरून चालायचो. पाण्याच्या पंपापर्यंत रोज अशी वारी.

पार्लेकर

वा! ठाणेकरीण, सासूबाई पाण्यातच होत्या, बर्फाच्या सगळ्यात जवळ. त्यांना विचारा ना, आवाज कसा होता? कपाट की नारळ?

ठाणेकरीण

विचारलं. म्हणाल्या, टोपी कानावर होती, काही ऐकू आलं नाही.